न थरथरणारा ठिपका

रडारच्या चाचणीकेंद्रात तिला सगळे ‘सासूबाई’ म्हणत, तेही तोंडावर. ती कुणाच्याच शब्दावर विश्वास ठेवत नसे, यंत्राच्या तर मुळीच नाही. घरी मुलगी म्हणे, “आई, तू दुधालाही विचारशील, खरंच तापलंस का?”

विमानातलं फसवं यंत्र रडारची लहर पकडून तिची नक्कल मागाहून परत पाठवतं आणि पडद्यावर नसलेली विमानं दिसू लागतात. ती गाळून काढायला तिने वर्षानुवर्षं खपून संगणकात एक चाळणी बसवली होती. रडारने दर लहरीची ठेवण बदलायची. शिळी नक्कल आली की चाळणीने तिला बाहेर काढायचं. सहकारी त्या चाळणीला तिची धाकटी लेक म्हणत.

आज लेकीची परीक्षा होती. आकाशात विमान एकच, पडद्यावर मात्र ठिपक्यांचा सडा. चाळणी सुरू झाली. ठिपके विझत गेले आणि शेवटी एकच उरला, ठसठशीत. पाहुण्या अधिकाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

“झालं, पास!” साहेब म्हणाले. “सासूबाई, आता तरी हसा.”

तिची नजर ठिपक्यावरून हटेना. खरं विमान अंग फिरवतं, तसा त्याचा पडसाद कमीजास्त होतो. हा मात्र धडा घोकून आलेल्या पोरासारखा एकदाही अडखळत नव्हता.

“वैमानिकाला जरा वळायला सांगा.”

“कशाला? सगळं स्वच्छ दिसतंय की!”

“म्हणूनच.”

साहेबांनी कपाळाला हात लावला, पण निरोप गेला. “वळलो,” उत्तर आलं. ठिपक्याचं तेज ढिम्म हललं नाही.

म्हणजे हा ठिपकाही नक्कलच. ही नक्कल शिळी नव्हती, ताज्या लहरीची होती. चाळणीने तिला खरी मानलं आणि खऱ्या विमानाचा क्षीण पडसाद कचरा समजून फेकला. सुक्याबरोबर ओलंही जळालं होतं. गप्प बसली असती, तर लेक पास होती.

तिने चाळणी सैल केली. ठसठशीत ठिपक्याच्या अलीकडे एक मिणमिणता ठिपका उमटला.

“पुन्हा वळा.”

तो थरथरला.

“पोटच्या लेकीला नापास केलंत हो!” शेजारचा तंत्रज्ञ पुटपुटला. साहेब पाहुण्यांना सांगू लागले, परीक्षा पुन्हा घ्यावी लागेल.

तिचं लक्षच नव्हतं. ती आता त्या मिणमिणत्या ठिपक्याकडे डोळे बारीक करून बघत होती.

“अजून एकदा वळा,” ती म्हणाली.