वहिनीला खरं सांगावं लागे

दादाच्या दापोडीच्या चाळीतले शेजारी सकाळीच चिंचवडला माझ्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, “ताई, वहिनींना जरा बरं नाही, तुम्हाला बोलावलंय.” त्यांनी चप्पल काढली नाही, पाणी घेतलं नाही. मी विचारलं, “गेली का?” त्यांनी मान खाली घातली... माणसाचा चेहरा असा वाचायला मला वहिनीनेच शिकवलं होतं.

तिचं नवीन लग्न झालं होतं तेव्हाची गोष्ट. आमच्या साताऱ्याकडच्या गावी तिच्या माहेरचा गडी आला आणि वडिलांना थोडा ताप आहे, एवढंच बोलला. वहिनीने सुंठ आणि गवती चहा फडक्यात बांधून घेतला आणि बैलगाडीत सगळा रस्ता ते गाठोडं मांडीवर धरून बसली. माहेरच्या गावाच्या वेशीपाशी माणसं तिला बघून तोंड फिरवायला लागली. घरी पोचली तेव्हा वडिलांचं सगळं उरकलं होतं.

पुढे दादाला पिंपरीकडच्या नव्या कारखान्यात काम मिळालं आणि ती दोघं दापोडीला राहायला आली. भोंगा झाल्यावर दादाला यायला थोडा उशीर झाला, की वहिनी दाराशी येऊन गल्लीकडे बघत बसे. शेजारणी म्हणत, काळजी करू नका, येतील. हे ऐकलं की तिचा संशय पक्का होई. पोस्टमन हसला तर का हसला आणि नाही हसला तर का नाही, यावर तिची दुपार जाई. डॉक्टरने दिलेलं औषध तिने मोरीत ओतलं. आपल्याला झोपवून मागे काहीतरी लपवायचा डाव आहे, असं तिला वाटलं होतं. कुणी अंगारा आणला, तर तुम्हाला काय कळलंय ते आधी सांगा, म्हणून त्यांच्याच मागे लागली.

मी शाळेत शिकवत होते, सुटीच्या दिवशी तिच्याकडे जाई. एकदा भाजी निवडता निवडता ती म्हणाली, “वन्सं, तुमी तरी मला फसवू नका. वाईट असंल तर वाईट म्हणा, ते मला झेपतं. गोड बोलणं झेपत न्हाई.” मी कबूल केलं. तेव्हापासून मी गेले की ती विचारी, काही लपवलंय का? मी नाही म्हटलं की क्षणभर माझ्या डोळ्यांत बघे आणि मग चूल पेटवायला उठे. भीती गेली नव्हती, पण तिला टेकायला एक जागा मिळाली होती.

मग एका दुपारी कारखान्यातला माणूस शाळेत आला. घडलं ते सांगून म्हणाला, घरी मात्र ओव्हरटाइम आहे म्हणा, त्यांचा स्वभाव माहीत आहे ना. मी दापोडीला गेले. शेजारीण माझा पदर ओढत होती. मी म्हटलं, “वहिनी, दादाचा हात यंत्रात सापडला. दोन बोटं गेली. शुद्धीवर आहे म्हणतात, मी अजून पाहिलेलं नाही.”

ती भिंतीला टेकून बसली. तिने विचारलं, “कुठला हात?” उजवा, मी म्हटलं. तिने चूल विझवली, धुतलेलं धोतर आणि तांब्या घेतला आणि माझ्यापुढे चालत बसथांब्यावर गेली. दवाखान्यात दादाला तिने भात भरवला. एक शीतही सांडू दिलं नाही.

आता तिला जाऊन काही आठवडे झाले. भेटायला येणारा प्रत्येक जण सांगतो, झोपेतच गेली, काही कळलंसुद्धा नाही. सगळ्यांच्या तोंडी तीच वाक्यं... परवा मी दापोडीला गेले. ती दाराशी गल्लीकडे तोंड करून बसायची, त्या जागी बसले आणि दादाला विचारलं, खरंच झोपेत गेली का?

दादा माझ्या शेजारी येऊन बसला. मग म्हणाला, “न्हाई. जागी व्हती. लई दुखलं तिला. तुला बोलवा म्हणत व्हती.”

इतक्या दिवसांत मला रडू आलं नव्हतं. तेव्हा आलं.