पाईप हलता कामा नये

गॅसची पाईपलाईन जमिनीखाली असते, म्हणून लोकांना वाटतं आमचं मेंटेनन्सवाल्यांचं काम निवांत. निवांत कसलं डोंबलाचं! पाईप खाली आणि भानगडी वर. कोल्हापुरात आम्ही चहाला टेकलो की एकाचा किस्सा संपायच्या आत दुसऱ्याचा सुरू होतो. चहा गार होतो, उठत कुणीच नाही.

*

लाईन कुठून गेलीय ते कळावं म्हणून आम्ही लोखंडी खांब रोवतो. पावसात ते गंजतात, दरवर्षी घासून रंगवावे लागतात. गडहिंग्लजकडच्या एका खांबाला लोकांनी शेंदूर फासला होता. दर शनिवारी तेल!

आमचे इंजिनिअर मोहितेसाहेब भडकले, "हा देव नाही, मार्कर आहे!" मग वाकून बघितलं. गंजाचा ठिपका नाही.

साहेबांनी बोटाला लागलेलं तेल पुसलं. मग मला म्हणाले, "बाकीच्या खांबांचं पण बघा की काहीतरी."

*

उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात. जमीन ओढली जाते आणि पाईपवरचं कोटिंग सोलवटतं. म्हणून आमचा शिवादा लाईनवरून चालत भेगा बघतो. एकदा त्याचा मोहितेसाहेबांना दुसऱ्याच्याच मोबाईलवरून फोन आला.

"सायेब, भेग लई खोल हाय. माझा मोबाईल आत गेला."

"किती खोल?"

"रिंग दिली तर ऐकू येतीया. पर बारीक."

*

शिरोळला वळवाच्या पावसानं व्हॉल्व्हचा खड्डा भरला. व्हॉल्व्ह पाण्यात राहिला की गंजून जाम होतो, ऐनवेळी गॅस बंद करता येत नाही. आम्ही पंप लावला. शेजारच्या रानातून एकजण कुदळ घेऊन पळत आला. म्हटलं, आता भांडण! त्यानं गपगुमान पाट काढला आणि पाणी उसाला घेतलं.

"पावणं, उद्या किती वाजता लावताय?"

*

पण मोहितेसाहेबांची खरी झोप उडाली ती कुरुंदवाडजवळच्या एका ओढ्यापायी. पाईप ओढ्याखालून जातो आणि काठालाच वस्ती. पुरानं माती गेली, पाईप लोंबकळला, जोड तडकला, तर त्या माणसांचं काय? जाळीत दगड भरून वर टाकायचं ठरलं होतं, पण पाऊस आधी आला. साहेबांनी वस्तीत जाऊन हात जोडले, "लक्ष ठेवा. पाईप हलता कामा नये. हलला की घात!"

पूर आला. आम्ही गॅस बंद केला. पाणी उतरल्या उतरल्या ट्रॅक्टरवर बसून निघालो. साहेबांचा चेहरा पांढराफटक.

ओढ्यातली माती पार धुऊन गेलेली. पाईप उघडा. आणि त्याला दोन म्हशी बांधलेल्या! शेजारी दगडावर एक आजोबा तंबाखू मळत बसलेले.

साहेब ओरडले, "अहो आजोबा, गॅसच्या पाईपला कुणी म्हशी बांधतं का?"

आजोबांनी मान वर केली.

"तुमीच म्हणला न्हवं, हलता कामा नये? म्हशी पाईपला न्हाय बांधल्या, सायेब. पाईप म्हशींना बांधलाय!"