शेऱ्याच्या रकान्यातली अक्षरं

यवतमाळला बी.ए. करताना मी एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी मागच्या खोलीत भाड्याने राहत होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. मी इंग्रजी घेतलंय हे कळल्यावर बाईंनी एकदा कपाटातून कापडी पुठ्ठ्याची एक वही काढली. त्यांचा थोरला भाऊ हवाई दलात वैमानिक होता. एकाहत्तरच्या युद्धात तो गेला. त्याच्या उड्डाणांची ही नोंदवही.

"इंग्रजी मलाही येतं रे," बाई म्हणाल्या. "पण ही नुसती अक्षरं. शेवटी शेवटी त्याचं कसं चाललं होतं, एवढंच कळू दे."

प्रत्येक ओळीत तारीख, विमान, वेळ आणि शेवटी शेरा. बहुतेक ठिकाणी डी.सी.ओ. शेवटच्या पानावर मात्र दोनदा डी.एन.सी.ओ. आणि पुढे डब्ल्यू.एक्स. कॉलेजच्या ग्रंथालयात लष्करी शब्दांचा एक जुना कोश सापडला. डी.सी.ओ. म्हणजे कामगिरी पार पाडली. मध्ये एन आला की, पार पाडली नाही. डब्ल्यू.एक्स. त्यात नव्हतं. मला वाटलं, कुणा साहेबाची सही असेल. उत्तर सापडल्याच्या आनंदात मी तसंच सांगून टाकलं.

बाईंनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "दोनदा तसाच परत आला. भ्यायला असेल का रे?"

नाही म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "माहीत नाही, बाई."

त्यानंतर त्या भावाबद्दल बोलेनाशा झाल्या.

दिवाळीनंतर बाबांसोबत कापूस घेऊन आर्णीला गेलो. त्या वर्षी कापूस जणू कुणालाच नको होता. खरेदी केंद्रावर गाड्यांची रांग दोन दिवस हलली नाही. फाटकावरचा चौकीदार पूर्वी हवाई दलात विमानांच्या दुरुस्तीला होता. बोलता बोलता मी त्याला ती अक्षरं विचारली, साहेबाची सही असेल ना म्हणून.

"सही कायची बे?" तो हसला. "वेदर होय ते. हवामान. ढगात खाली काही दिसत नसलं का परत या, असा हुकूमच राह्यते. कॉलेजात काय शिकवून राह्यले तुले?"

यवतमाळला पोचलो तो पिशवीसकट बाईंच्या दारात उभा राहिलो. सगळं सांगितलं, पण घाईत, अडखळत. मी नेहमीच अडखळतो.

"चौकीदारानं सांगितलं?" बाईंनी विचारलं.

"हो. हवाई दलातला आहे. तुम्ही म्हणाल तर त्याच्याकडे घेऊन जातो."

"राहू दे." त्या थोडं हसल्या. "तीस वर्षं शाळेत शिकवलं मी. मुलं मन राखायला काय काय सांगतात, ठाऊक आहे मला. गुणी आहेस तू."

मी आईची शपथ घेतली. त्यांनी विषय बदलत विचारलं, "तुमच्या कापसाचं काय झालं?"

"ओला आहे म्हणून परत पाठवला."

"अरेरे," त्या म्हणाल्या. ते त्यांना लगेच खरं वाटलं.