अथेन्समधले तीस दिवस

त्या हिवाळ्यात मला एका जागी बसवत नव्हतं. सकाळी दुबईच्या इंटरनॅशनल सिटीतल्या आमच्या बिल्डिंगखाली स्टाफ बस यायच्या वीस मिनिटं आधीच मी जाऊन उभी राहायची. बसमध्ये बसले की उतरायची घाई, ऑफिसात पोचले की घरची ओढ, आणि घरी आले की घासलेली भांडी पुन्हा घासायला काढायची. मुलगी म्हणायची, "अम्मी, प्लीज सिट." मी बसायची आणि दोन मिनिटांनी उठायची. पायाला भिंगरी बांधल्यागत झालं होतं. कारण मला ठाऊक होतं, पण ते बोलायची सोय नव्हती.

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका कारखान्यात मी एचआरला होते. एचआर म्हटलं की लोकांना काहीतरी मोठं वाटतं. माझं काम एवढंच, की लोकांचे व्हिसे लावायचे, रिन्यू करायचे आणि कॅन्सल करायचे. व्हिसा लागला की लोक मिठाईचा बॉक्स आणून देतात. कॅन्सल होणारा माणूस समोरच्या खुर्चीत बसून टेबलाच्या काचेकडे बघत राहतो. तेरा वर्षं मी हे काम केलं आणि, खोटं कशाला बोलू, पुढे पुढे त्या माणसाकडे बघायचीही मला गरज वाटेनाशी झाली. इथे सही, इथे सही, पासपोर्ट परवा मिळेल, नेक्स्ट.

नोव्हेंबरात मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं. आमचं युनिट बंद होऊन काम दुसऱ्या देशात जाणार होतं. त्याने चाळीसेक नावांची यादी माझ्या हातात ठेवली. "सब का पेपरवर्क आप को करना है, स्टेप बाय स्टेप. अभी किसी को बोलना नहीं, ओके? इन्शाल्ला, सब स्मूथ हो जाएगा." मी यादी वरून खाली वाचत आले. सगळ्यात खाली माझं नाव होतं. "आप का लास्ट में," तो म्हणाला. मोठी मेहेरबानी केल्यासारखा चेहरा होता त्याचा. मला तेव्हा रागही आला नाही. राग यायला दोन दिवस लागले.

ऑफिसात बोलायची बंदी होती, ते सोडा. खरी अडचण घरी होती. मुलीचे अब्बा जहाजावर, सहा-सहा महिने समुद्रात. त्यामुळे तिचा व्हिसा माझ्या नोकरीवर. ती जन्मली दुबईत, शाळा दुबईत, मैत्रिणी दुबईत. रत्नागिरी तिला उन्हाळ्याच्या सुट्टीपुरती माहीत, तीसुद्धा डास आणि लाइट जाणं एवढीच. बारावीचं वर्ष होतं. इथल्याच एका कॉलेजचा फॉर्म तिने भरून ठेवला होता, आणि त्या कॉलेजची फी माझ्या पगाराच्या भरवशावर होती. बोर्डाची परीक्षा मुदतीत कशीबशी बसत होती. पण परीक्षेनंतर तिला हे शहर सोडावं लागणार होतं आणि ते तिला मी सांगायचं होतं. नवरा फोनवर म्हणाला, "आजच सांग. नंतर कळलं तर जास्त लागेल तिला." त्याचं काय जातंय सांगायला? तेरा वर्षं परक्या माणसांना बेधडक सांगत आले, पण पोटच्या पोरीसमोर तोंड उघडेना.

मग मी दोन उद्योग केले. एक, नोकरी शोधली. पार शारजाच्या हमरिया फ्री झोनमध्ये जाऊन एक इंटरव्ह्यूही देऊन आले. त्यांना अरबी टाइपिंग येणारी बाई हवी होती. दुसरा उद्योग म्हणजे, मी अथेन्समध्ये एक खून केला.

हे जरा नीट सांगायला हवं. देश सोडून जाणारी माणसं जाता जाता माझ्या टेबलावर काही ना काही ठेवून जातात. कुणी कुंडी, कुणी राइस कुकर. काही वर्षांपूर्वी एक मेंटेनन्स इंजिनिअर पिशवीभर इंग्रजी पुस्तकं ठेवून गेला. सगळ्या प्राचीन ग्रीसमधल्या रहस्यकथा. कुणी तरी मंदिरात मरून पडलेला, कुणी मेजवानीत, आणि शोध लावणारा कधी वैद्य, कधी कारकून. मी रत्नागिरीला मराठी शाळेत शिकले, तिथल्या वाचनालयातल्या रहस्यकथा वाचून मोठी झाले, म्हणून हात घातला आणि अडकले. अडीच हजार वर्षांपूर्वीचा खून वाचताना एक बरं असतं. खुनीही मेलेला, मुडदाही मेलेला, आपल्या झोपेला धोका नाही. आणि मला नेहमी वाटायचं की मराठीत असं कुणी लिहीत का नाही? लोकांना नावं ठेवण्यापेक्षा आपणच लिहावं, म्हणून वही काढली. अर्ध्यावर सोडलेली ती वही त्या नोव्हेंबरात पुन्हा हातात घेतली. बसमध्ये लिहायचं. हात गुंतला की पायांची भिंगरी जरा थांबायची.

माझी गोष्ट कुंभारवाड्यातली. अथेन्सच्या वेशीजवळ कुंभारांची वस्ती होती. तिथल्या एका कारखान्याचा मालक माती निवळायच्या हौदात पालथा पडलेला सापडतो. शोध लावते ती एक परदेशी विधवा. समुद्रापलीकडून आलेली, बाजारात सुगंधी तेल विकणारी, तेलासाठी लागणाऱ्या चिमुकल्या सुरया त्या कारखान्यातून घेणारी. बाहेरून येऊन अथेन्समध्ये राहणाऱ्यांना मेटिक म्हणत. त्यांना शहरातला कुणी नागरिक पाठीराखा म्हणून दाखवावा लागे आणि दरवर्षी कर भरावा लागे. जमीन घेता येत नसे, घर घेता येत नसे. हे वाचलं तेव्हा मी बसमध्ये मोठ्याने हसले होते. म्हणजे कफील, आमच्या व्हिसाचा इथला जामीनदार! पुढचं मग मला कुणी शिकवायची गरज उरली नाही. मेलेला कुंभारच त्या बाईचा पाठीराखा. तो मेला, आता तिच्याकडे तीस दिवस. तीस दिवसांत खुनी सापडला नाही तर तिला बोट धरून बंदरावर नेणार. व्हिसा कॅन्सल झाला की देश सोडायला पूर्वी आमच्याकडेही तीसच दिवस होते. हल्ली थोडे जास्त देतात.

दर रविवारी जेवण झालं की मुलगी प्रकरण मोठ्याने वाचायची. तिने मराठी वाचावं म्हणून मीच हा सौदा केला होता. एक प्रकरण वाचलंस तर भांडी माझी. शाळेतल्या हिंदीमुळे तिला अक्षरं येतात, मराठी मात्र ठेचकाळत वाचते. ती फोनमध्ये संशयितांची यादी ठेवायची, मालकाचा भाऊ, त्याची बायको, कोरिंथहून आलेला चित्रकार. मला विचारायची, "इज इट द ब्रदर?" मी म्हणायची, "वाच गं बाय, वाच." तेवढा तासभर मला जरा बसवायचं.

जानेवारीतल्या एका रविवारी ती नववं प्रकरण वाचत होती. त्यात ती तेलवाली बाई सामान बांधते. मला ते प्रकरण फार जमलं होतं. काय विकायचं, काय शेजारणीला द्यायचं, काय तिथेच टाकून जायचं. तेलाचे मोठे रांजण कुणी घेत नाही. तिलाही एक मुलगी, तिच्या वस्तूंचं वेगळं गाठोडं. मग ती एका कचेरीत जाऊन मातीच्या पाटीवर शिक्का मारून आणते की हिच्याकडे कुणाचं काही येणं नाही.

मुलगी वाचता वाचता थांबली. "अम्मी, धिस इज अ क्लिअरन्स लेटर."

"मग?"

"दे डिडन्ट हॅव क्लिअरन्स लेटर्स!" ती हसायला लागली. "नेक्स्ट, शी विल पे द फायनल बिल फॉर वॉटर." मीही हसले. मग तिने फोन उचलला. तिची ती सवय आहे, काही खटकलं की शोधून बघायची. मी उठून ओटा पुसायला घेतला. ती वाचत होती, बराच वेळ. मी ओट्यावरचा गॅसही पुसला.

"अम्मी, व्हाय इज शी लीव्हिंग?"

"अगं, तिचा पाठीराखा मेला ना. तीस दिवस झाले की जावं लागणार."

"नो, बट देअर इज नो थर्टी डेज." तिने फोन माझ्याकडे केला. "पाठीराखा मेला तर दुसरा बघायचा. टॅक्स भरायचा. दॅट्स इट. दे स्टेड, अम्मी. होल लाइफ. देअर किड्स ऑल्सो. किड्स पण फॉरेनरच, बॉर्न देअर अँड स्टिल फॉरेनर, लाइक मी. बट नोबडी कॅन्सल्ड देम. त्यांच्या कबरी आहेत तिथे. लुक." त्याच कुंभारवाड्याजवळच्या कबरस्तानाचा फोटो होता. बाहेरगावच्या माणसांच्या नावाचे दगड.

मी तो फोटो बघत राहिले. माझी कादंबरी त्या एका फोटोने आडवी केली. तीस दिवस नाहीत तर घाई नाही. चित्रकाराने खून केला होता तो मालक त्याला काढून टाकणार म्हणून. काढून टाकलं तरी शहर सुटत नसेल तर खून कशाला करेल माणूस? शेजारच्या कारखान्यात जाईल. मी इतकी पुस्तकं वाचली, टिपणं काढली, त्यांच्या चपलांचे प्रकार पाठ केले. आणि परक्या माणसाचं काम संपलं की त्याने गाव सोडायचं असतं, हे मात्र तपासूनही पाहिलं नव्हतं. ते मला सूर्य पूर्वेला उगवतो तसं माहीत होतं. जगात कुठे, कधीतरी, ते तसं नसेल, असं माझ्या मनातच आलं नाही. मला त्या बायकांचा हेवा वाटला. मेल्या अडीच हजार वर्षांपूर्वी, पण आपल्या गल्लीत मेल्या. ती वही आजही तिथेच थांबलेली आहे.

मुलगी अजून वहीतच होती. तिने मागची पानं उलटली. "यू रोट ऑल धिस नाऊ? जुनी चॅप्टर्स अशी नव्हती." मी पुन्हा ओट्याकडे वळले. "आधी कुणी पॅक करत नव्हतं. फ्रॉम चॅप्टर सिक्स, एव्हरीबडी इज पॅकिंग."

सहावं प्रकरण नोव्हेंबरातलं होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, मी एकदम म्हणाले, "चहा घेतेस?" ती दुपारी चहा घेत नाही हे माहीत असूनही मी भांडं गॅसवर चढवलं.

ती उठून स्वयंपाकघराच्या दारात आली. संशयितांची यादी करताना चेहरा असतो तसा चेहरा. "अम्मी. हूज लीव्हिंग?"

"कंपनी बंद होतेय," मी म्हणाले. गॅसकडे बघूनच म्हणाले. "सगळेच. मार्चअखेर. तुझी परीक्षा होईल, ती मी बघितलीय. त्यानंतर आपण जाऊ. खलास." तो शेवटचा शब्द बोलायला नको होता. ऑफिसातली सवय.

मला वाटलं होतं ती रडेल, ओरडेल, कॉलेजचं विचारेल. त्या सगळ्याची उत्तरं मी दोन महिने तयार करत होते. रत्नागिरीचं कॉलेज, मुंबईचं कॉलेज, मावशीकडे राहणं, सगळं. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली आणि तिने विचारलं, "हू गेट्स कॅन्सल्ड फर्स्ट?"

हा प्रश्न मला शेकडो लोकांनी विचारलाय. खुर्चीत बसलेल्या प्रत्येक बापाने विचारलाय. उत्तर एकच असतं आणि मी ते मान वर न करता दिलेलं आहे. नियमच तसा आहे. जो दुसऱ्याच्या व्हिसावर असतो त्याचा आधी जातो, मग ज्याच्या नावावर असतो त्याचा.

"तुझा," मी म्हणाले.

"अँड हू डझ इट? द पेपर्स?"

"मीच करते सगळ्यांचे. पण तुझी फाइल मी दुसऱ्या टेबलावरच्या मुलीला देणारे. मला नाही जमायचं, बाय." आणि तेव्हा मी रडले. कॅन्सलेशनच्या फॉर्मपायी, तेरा वर्षांत पहिल्यांदा.

तिने पुढे होऊन गॅस बंद केला. रिकामंच भांडं तापत होतं.

"नको," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाला नको देऊस. माझं तू कर."