नाथाजीचा ॲम्प

नाथाजी मूळचा कुंडलचा, पण उमेदीची सगळी वर्षं गेली कुपवाडच्या एमआयडीसीत. तिथल्या एका फोर्जिंगच्या कारखान्यात तो हॅमरवर होता. लालबुंद लोखंड चिमट्यात धरायचं आणि वरून हॅमर आदळायचा, दिवसभर तेच. त्या शेडमध्ये माणसं एकमेकांशी खुणांनीच बोलत. सुटी झाली की नाथाजी स्कूटरवरून थेट घर गाठायचा, हातपाय धुवायचा, चहाचा कप घेऊन पुढच्या खोलीत बसायचा आणि गाणं लावायचा. गावाकडचे भाऊबंद ऊसतोड, पाणीपाळी, सोसायटीची इलेक्शनं यांत गुंतलेले. नाथाजीला त्यातलं काही नको होतं. त्याला चांगला आवाज पाहिजे होता.

हे वेड त्याला लागलं ते थोरल्या भावामुळं. अर्जुना पलटणीतून सुटीवर येताना कॅसेटचा एक डेक घेऊन आला होता. पुढं सांगलीत रेडिओ-टेप दुरुस्त करणारा लालासाहेब भेटला आणि वेड पक्कं झालं. लालासाहेबानं त्याला स्वतःच्या हातानं ॲम्प्लिफायर बांधून दिला. दोघांनी उचलावा असा जड, पाठीमागं उष्णता बाहेर टाकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, पुढं एकच लाल दिवा. देताना तो म्हणाला, "नाथा, आवाज असा देईल की नाव काढशील. पण ही जात लय खादाड. गाणं वाजू दे न्हाईतर न वाजू दे, चालू हाय तवर करंट तेवढाच खाणार. शेगडीच म्हण. ऐकून झालं की बंद करत जा."

नाथाजीनं ते मनावर घेतलं. भिंतीवरचं बटण कपाटामागं अडकलं होतं, तिथं हात पोचत नव्हता, म्हणून तो लालासाहेबानं जोडून दिलेल्या रिमोटनंच बंद करायचा. लाल दिवा तसाही जळतच राहायचा, त्यावरून काही कळायचं नाही. पण बंद होताना आत बारीक 'टक्' व्हायचं. ते टक् ऐकलं की नाथाजी रिमोट ठेवून उठायचा. "रिमोटनं झोपवल्यावरबी ते थोडं खातंच," लालासाहेब म्हणायचा, "पर ते चिमणीच्या दाण्याएवढं."

त्याची मुलगी श्रद्धा लहान असताना तो तिला शेजारी बसवून घ्यायचा. "गाणं काय, सगळीच ऐकत्यात. गाणारणीनं ओळ उचलायच्या आधी श्वास घेतला बघ. आला ऐकू?" श्रद्धा मान हलवायची, आणि तिला तो खरंच आलेला असायचा. बापलेकीचं जे काही बोलणं झालं ते बहुतेक असंच, दोन गाण्यांच्या मधल्या जागेत.

आवाज बिघडत गेला तो इतका हळूहळू की नाथाजीला त्याची सुरुवात सांगता आली नसती. आधी तंबोऱ्याचा झंकार गेला. मग घुंगरू. मग तो श्वास. नाथाजीनं दोष स्पीकरला दिला. लालासाहेबानं बारीक आवाजाचे ट्वीटर बदलून दिले. काही फरक नाही. मग वायरी बदलल्या. मग नाथाजी म्हणू लागला की हल्लीची रेकॉर्डिंगच चिखलासारखी झाल्यात. बारीक आवाज वाढवणारं ट्रेबलचं बटण पार टोकाला गेलं. आतल्या खोलीत ब्लाउज शिवत बसलेल्या शालूबाईच्या दातांना त्या आवाजानं झिणझिण्या यायच्या, पण नवऱ्याचा हा एकच नाद, दारू नाही की पत्ते नाहीत, म्हणून ती दार ओढून घ्यायची. घरात तो वरचेवर 'काय?' म्हणायचा. हॅमरवरची सगळीच माणसं तसं म्हणत आणि सगळीच मोठ्यानं बोलत. त्यात कुणाला वेगळं काही वाटलं नाही.

मग लाइटबिल फुगायला लागलं.

पहिल्यांदा शालूबाईनं नव्या मीटरला शिव्या दिल्या. गल्लीत सगळ्यांचंच तसं मत होतं. तिनं तक्रार केली, माणूस येऊन मीटर तपासून गेला आणि मीटर बरोबर आहे म्हणाला. "घरातच कायतरी वढतंय, मावशी." मग तिनं गिझर बंद ठेवला, इस्त्री शेजारणीकडं नेली, फ्रीजसुद्धा दुपारचा बंद करून बघितला. बिल खाली यायचं नाव घेईना. शेवटी तिनं लालासाहेबाला फोन केला.

तो आला तो नाथाजीच्या सुटीच्या दिवशी, ऊन चढल्यावर. नाथाजी पुढच्या खोलीत पेपर वाचत होता. लालासाहेबानं फ्रीज, पंखे, पाण्याची मोटर, सगळं एकेक करून बंद केलं आणि बाहेर जाऊन मीटर बघितलं. त्यावरचा बारका दिवा अजून भराभरा लुकलुकत होता. तो आत आला.

"नाथा, गाणं बंद कर की रं. मला मीटर बघायचंय."

"काय?"

"गाणं बंद कर म्हणतो."

"बंदच हाय," नाथाजी म्हणाला आणि पान उलटलं.

लालासाहेबाला चेष्टा वाटली. तो हसला. मग त्यानं मित्राच्या तोंडाकडं नीट बघितलं आणि त्याचं हसू जिरून गेलं. गाणं चालू होतं. हळू होतं, पण सैपाकघरापर्यंत शब्द न् शब्द जात होता. त्यानं वाकून ॲम्पच्या पाठीवर तळवा ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला.

शालूबाई दारात आली. "आवं, ते तर सारखंच चालू असतंय, सीडी फिरून फिरून तीच लागती. तुमी कामावर गेल्यावरबी. मला वाटलं, तुमाला तसंच लागतंय. मागं एकदा मी बंद केलं तर केवढं वरडला हुता."

लालासाहेबानं रिमोट उचलून दाबला. काही झालं नाही. सेल उतरले होते. किती तरी दिवस नाथाजी हातानं आवाज कमी करायचा, रिमोटचं बटण दाबायचा आणि बंद झालं असं धरून चालायचा. ते टक् त्याला ऐकू येईनासं कधी झालं हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं.

नाथाजी उठला. स्पीकरजवळ गेला, जाळीला कान लावला. मग दुसरा कान लावला. मग जाळी काढून कागदाच्या भोंग्यावर बोट ठेवलं. बोटाला कापरं कळलं. तो तसाच उभा राहिला. गाणं संपलं, दुसरं लागलं, तरी तो बोट काढेना, आणि लालासाहेब चपला घालून कधी गेला तेही त्याला कळलं नाही.

श्रद्धा साताऱ्याहून आली आणि त्याला मिरजेच्या दवाखान्यात घेऊन गेली. एका बंद खोलीत बसवून त्याच्या कानांवर हेडफोन चढवले, हातात एक बटण दिलं आणि आवाज आला की दाबायला सांगितलं. काचेपलीकडं तपासणारी बाई दिसत होती. नाथाजी मन लावून बसला. त्याच्याइतकं बसून ऐकायची सवय त्या इमारतीत दुसऱ्या कुणाला असेल? सुरुवातीला दोन-चार घुमणारे आवाज आले, त्यानं दाबलं. मग तो वाट बघत राहिला. बाई आत आली आणि हेडफोन काढायला लागली.

"आता म्होरचं लावताय न्हवं?" त्यानं विचारलं.

"झालं, काका."

त्यानं काचेपलीकडं उभ्या श्रद्धाकडं बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

डॉक्टरांनी सावकाश, मोठ्यानं सांगितलं. कानाच्या आतल्या बारीक पेशी हॅमरच्या आवाजानं मेल्या होत्या. त्या पुन्हा येत नाहीत. कानाला मशीन लावलं तर बोलणं समजेल.

"आणि गाणं?" श्रद्धानं विचारलं.

"पूर्वीसारखं नाही," डॉक्टर म्हणाले.

कारखान्यात कानात घालायला बोळे मिळत असत. नाथाजीनं ते कधी घातले नव्हते. हॅमरचा ठोका कानावर पडला नाही तर हात चुकेल अशी त्याला भीती होती. त्यामुळं कारखान्याशी भांडायलाही जागा उरली नाही. परतीच्या वाटेवर श्रद्धा बोलत राहिली, आजकाल किती चांगली मशिनं निघाल्यात वगैरे. नाथाजी मान हलवत राहिला.

मशीन आणलं. त्या संध्याकाळी रिमोटचे सेल बदलून त्यानं त्याची आवडती ठुमरी लावली. शालूबाई शिवण टाकून शेजारी येऊन बसली, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. कानात काहीतरी आलं. पत्र्यावर खडे ओतावेत तसं. त्यात गाणारीण कुठं होती ते सापडेना. पूर्ण ठुमरी तो चेहरा न हलवता बसला.

"कसं वाटतंय?" शालूबाईनं विचारलं.

"बरं हाय."

दुसऱ्या दिवशी त्यानं कपाट एकट्यानं पुढं ओढलं आणि भिंतीतलं बटण बंद केलं. पिनासुद्धा उपसून काढल्या: ॲम्पची, डेकची, सीडीची, मोठ्या बूफरची. लाल दिवा विझला. मग त्याला तोच चाळा लागला. टीव्हीची पिन, मोबाइलचा चार्जर, मिक्सर, जे दिसेल ते तो काढून ठेवायचा. शालूबाईचं शिलाई मशीन चालताना थांबायचं आणि ती बघायची तर हा बोर्डाजवळ उभा. "फुकटचं खातंय," तो म्हणायचा. ती पिन परत लावायची.

श्रद्धाला त्यानं फोनवर सांगितलं की ॲम्प घेऊन जा. तिच्या साताऱ्याच्या दोन खोल्यांत ते धूड मावणार नव्हतं; ती मोबाइलवर ऐकायची. विकायचं विचारलं तर लालासाहेब म्हणाला, आता असलं ऐकणारं गिऱ्हाईक न्हाई गड्या, आतल्या ट्रान्सफॉर्मरचं तांबं तेवढं इकलं जाईल. मग तो विषय कुणी काढला नाही. ॲम्पवर शालूबाईनं चादर घातली आणि त्यावर शिवायला आलेल्या कापडांचे गठ्ठे ठेवायला लागली.

पुढचं बिल निम्म्यावर आलं. शालूबाईला आधी हायसं वाटलं, आणि आपल्याला हायसं वाटलं याचंच तिला रडू आलं. तिनं ते बिल डब्याखाली सरकवलं. पण नाथाजीनं पाणी घ्यायला आत येताना ते बघितलंच. आकडा वाचला, परत वाचला.

"बरं झालं," तो म्हणाला.

हॅमरवर तो अजून जातो. आता बोळे घालतो, मुकादमानं सांगितलंय म्हणून. सुटीनंतर स्कूटर मुद्दाम लांबच्या रस्त्यानं आणतो, घरी उशिरा पोचतो. कानातलं मशीन दारातच काढून खिशात टाकतो. चहा घेऊन पुढच्या खोलीत बसतो, हात मांडीवर, नजर भिंतीवर. परवा शालूबाई दोनदा विचारून गेली, जेवायला वाढू का. तो तिच्या ओठांवरून अंदाज बांधत होता.

"उद्या बघू," तो म्हणाला.

शालूबाई आत गेली आणि तिनं ताट वाढलं.