झाकण

पायाला भिंगरी असते म्हणतात, हिच्या अंगभर होती. प्रयोगशाळेत तिचं खरं नाव कुणी घेतच नसे, भिंगरी, बस्स. खुर्चीला टेकली रे टेकली की हिला काहीतरी आठवायचंच. घरी आई वैतागायची, "अगं, दोन घास तरी बसून खा!" पण ही जेवणार उभ्यानं, आणि तेही खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालत.

आणि पत्करलं होतं काम कसलं, तर सबुरीचं! ती एक मीठ बनवायची. खायचं नव्हे, पण घडण तीच: धनभार आणि ऋणभार यांची जोडी. फरक एवढाच, की धन कणाला सोळा कार्बनांची लांबलचक शेपटी. शेपट्या शेपट्यांशी सलगी करतात, भारवाली डोकी एकमेकांपाशी जमतात आणि थरावर थर रचले जातात. मग ते मीठ द्रवासारखं वाहतं, तरी स्फटिकाची शिस्त सोडत नाही. आयनिक द्रवस्फटिक म्हणतात त्याला. थरांमधून आयन सुळकन पळतात, म्हणून बॅटरीतल्या पेट घेणाऱ्या द्रवाच्या जागी ते वापरायचं होतं. अडचण एकच: तापवल्याशिवाय ही गंमत घडत नसे.

भिंगरीच्या हातून मात्र ती न तापवताच घडली. सूक्ष्मदर्शकाखाली पंख्यांसारख्या रंगीत आकृत्या उमलल्या, द्रवस्फटिकाची खूणच ती; हे पंखे सुईनं वरची काच दाबली तर वाहिलेही. विभागप्रमुख बाईंनी तिला मिठीच मारली आणि बॅटरीवाल्या कंपनीला लगेच फोन लावला.

तेच मीठ, तीच कृती, पण शेजारच्या टेबलावर गोगलगाय करायचा तर ढिम्म दगड! गोगलगाय म्हणजे तिच्याच बरोबरीचा संशोधक. सावकाश, मोजकं बोलणारा. बिचाऱ्यानं पुन्हा पुन्हा केलं, पुन्हा पुन्हा दगड. शेवटी बाई चिडल्या. "तुझ्या हाताला गुणच नाही रे बाबा. या महिन्यानंतर दुसरीकडे बघ."

भिंगरीच्या जिवाला चैन पडेना. "आण तुझी बाटली, बघते मी," म्हणत तिनं ती ओढून घेतली. दिवसभर तिचं तेच चाललं होतं. झाकण काढ, सुईनं टोच, जरासं काचेवर घे, झाकण लाव, खोलीत एक चक्कर मार, की पुन्हा झाकण काढ. संध्याकाळी मीठ मऊ पडलं. काचेखाली पंखे! "बघा, माझा हात लागला की..." म्हणत ती उठली आणि जागच्या जागी थबकली. हातानं केलं काय होतं? काही नाही. झाकण उघडलं होतं.

तिनं तडक बाटली तराजूवर ठेवली. एवढं काढून घेतलं तरी गोगलगायीनं चिठ्ठीवर लिहिलेल्या सकाळच्या वजनापेक्षा जड! हवेतली ओल पिऊन बसलं होतं मेलं. मग तिनं स्वतःची लाडकी बाटली निर्वात भट्टीत वाळत घातली. दुसऱ्या दिवशी बघते तर दगड. म्हणजे ते पंखे पाण्याचे होते, आणि त्या बॅटरीत पाणी म्हणजे सत्यानाश. गोगलगायीनं झाकण घट्ट ठेवलं, त्याचं मीठ कोरडं राहिलं. ज्याचं बरोबर, त्यालाच हाकललं!

गप्प बसली असती तर कुणाला कळलं असतं? हा विचार तिच्या मनात आला, खोटं कशाला बोला. कॉरिडॉरमध्ये कितीतरी फेऱ्या झाल्या. मग ती बाईंच्या खोलीत घुसली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली. बाईंनी कपाळाला हात लावला. "आता कंपनीला काय तोंड दाखवू मी?"  मग म्हणाल्या, "आधी त्याला थांबव."

महिना संपायची वाट न बघता तो आजच पिशवी भरत होता. भिंगरीला धाप लागली होती. "तुझं बरोबर होतं. माझंच चुकलं. बाई म्हणाल्या, जाऊ नकोस."

त्यानं हातातली वही सावकाश पिशवीत ठेवली. "बरं केलंस सांगितलंस," तो म्हणाला. "पण काल मी घरी बायकोला सांगून टाकलं, की हे काम मला कधी येतच नव्हतं. आणि सांगताना ते मला पटलं होतं गं."

भिंगरीला रडू फुटलं. तो पिशवी हातात धरून तसाच उभा राहिला.