शनिवारचं ‘नाय समजलं’

हरसूलकडच्या आमच्या शाळेत आम्ही चार शिक्षक होतो, आणि शनिवारी सकाळची शाळा सुटली की पोरांच्या सतरंजीवर आम्हीच बसायचो. ही जुन्या हेडसरांची खोड. एकाने फळ्याशी उभं राहून पुढच्या आठवड्यातला पाठ घ्यायचा, बाकीच्यांनी पोरं व्हायचं. नियम एकच, डोक्यात शिरलं नाही तिथे हात वर करून म्हणायचं, "नाय समजलं." पहिला पाठ सरांनी स्वतः घेतला. आम्ही त्यांना इतकं अडवलं की बिचाऱ्यांना घाम फुटला. पुढच्या शनिवारी तोच पाठ त्यांनी पुन्हा घेतला. त्याआधी मला वाटायचं, हेडमास्तर म्हणजे सह्या करणारा माणूस.

आमच्यात सगळ्यात धाकटी नाशिकहून आलेली शिक्षणसेवक मुलगी. पोरांची बोली तिला कळेना, तिची पोरांना. डबा खाताना रडायची, नोकरी सोडते म्हणायची. शनिवारांनी तिला उभं केलं. हळूहळू तीच सगळ्यांत मोठ्याने "नाय समजलं" म्हणायला लागली, आणि अडलं की भर वर्गातून मला हाक मारायची, "ताई, हे कसं सांगू?" मी शेजारच्या वर्गातून जायचे. यात तिला कमीपणा वाटत नव्हता, मला मोठेपणा वाटत नव्हता. ही पोरगी उद्या शाळा चालवेल, असं सर म्हणायचे, आणि मलाही अगदी तसंच वाटत होतं.

सर निवृत्त झाले. नवे हेडसर आले ते सेवाज्येष्ठतेने, बरीच वर्षं कुठल्याशा ऑफिसात काढून. बोलण्यात सारखं नेतृत्व, टीमवर्क, व्हिजन. पाठ घ्या म्हटलं की यांचा घसा बसायचा. आमच्या शनिवारचं मात्र भारी कौतुक. पहिल्याच शनिवारी सतरंजीवर न बसता त्यांनी फोटो काढले आणि ग्रुपवर टाकले. झालं, तालुक्याहून पथक बघायला येणार असं ठरलं.

पथकापुढे काड्यांचे गठ्ठे घेऊन हातच्याच्या वजाबाकीचा पाठ धाकटीने घ्यायचा होता. तिचे कायम होण्याचे दिवस जवळ आलेले, त्यामुळे आधीच धाकधूक. नव्या सरांनी पोरांकडून उत्तरं घोकून घेतली. तरी एका पोरीने घोकलेलं सोडून विचारलंच, "बाई, गठ्ठा सोडला तर दहा कुठं गेलं?"

धाकटी थबकली. मग सवयीने, मागे बसलेल्या माझ्याकडे वळली, "ताई, हे कसं सांगू?" मी उठले. दोघींनी मिळून दहा काड्यांचा गठ्ठा सोडला, बांधला, परत सोडला, पोरीला मोजायला लावला. "हितंच हाय की," पोरगी म्हणाली. आमच्या दृष्टीने त्या वर्षातला सगळ्यात चांगला पाठ तो. पथकातल्या साहेबांनी शेरा मारला की शिक्षिकेची पूर्वतयारी नाही, भर पाठात दुसऱ्याची मदत घ्यावी लागते.

मला वाटलं, आता हेडसर बोलतील. "साहेब, आमच्याकडे अशीच पद्धत आहे," एवढंच तर म्हणायचं होतं. ते मूग गिळून बसले. पथकाची गाडी गेल्यावर मात्र त्यांना तोंड फुटलं. "टीमचं नाव घालवलंत मॅडम तुम्ही," तिला म्हणाले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ती खाली बसून काड्या गोळा करत होती. त्यानंतर शनिवारी सतरंजीवर कुणी बसलं नाही, आणि शेजारच्या वर्गातून मला हाकही आली नाही.

गेल्या महिन्यात नाशिकला नेतृत्वाचं प्रशिक्षण झालं. एसी हॉल, पनीरचं जेवण, आणि स्टेजवर आमचेच हेडसर. पडद्यावर आमचाच शनिवार, सतरंजीवर बसलेले आम्ही. ही टीम आपण कशी घडवली ते त्यांनी अगदी रंगवून सांगितलं. जुन्या सरांचा साधा उल्लेखसुद्धा नाही. लाज कोळून प्यायलेला माणूस. शेवटी हसून म्हणाले, "कुणाला काही शंका?"

माझा हात वर गेलाच होता. शेजारी बसलेल्या धाकटीने मनगट धरून तो खाली ओढला.

"राहू द्या ताई," ती हळूच म्हणाली. "समजलं म्हणायचं आणि घरी जायचं."

आणि ती बाकीच्यांबरोबर टाळ्या वाजवायला लागली.